दातात काडी

"साहेब, तोंड काहून उघडता?" गोल्फ शिकवणाऱ्या कृष्णरावांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि पडद्यावर बोट ठेवून मला तिथंच थांबवलं. मी, म्हणजे व्हिडिओतला मी, पाय फाकवून, कमरेत वळून सात नंबरची काठी, आयर्न, खांद्यावरून खाली आणत होतो, आणि ती बॉलला लागायच्या जरासं आधी माझं तोंड उघडत होतं. चांगला आ करून. कृष्णरावांनी पुन्हा मागं नेलं, पुन्हा सोडलं. तोंड उघडलं, मनगट सुटलं, बॉल उजवीकडं बोडीच्या पाण्यात. पाचदा दाखवलं त्यांनी, आणि पाचही वेळा व्हिडिओतल्या त्या माणसानं तोच मूर्खपणा केला. "मनगट पयलेच सुटून राहिलं तुमचं, हे मी दोन महिन्यांपासून सांगून राहिलो," कृष्णराव म्हणाले, "पण तोंडाचं मले आज समजलं. तोंड उघडलं का मनगट सुटते. लहानपणी काही फेकत होते का तुम्ही?" मी म्हणालो, "क्रिकेट. बोलिंग टाकायचो." इतक्या झटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. मी उभ्या आयुष्यात सहा बॉलची एक ओव्हर टाकलेली नाही.

लाखनीच्या पुढं, महामार्गापासून आत, आमच्या फॅक्टरीची कॉलनी आहे आणि कॉलनीच्या मागं नऊ होलचं हे मैदान. गोल्फचं मैदान म्हटल्यावर डोळ्यांपुढं जी हिरवळ येते ती इथं नाही. पाऊस संपला की गवत पिवळं पडतं, आणि होलभोवतीची गोल जागा तर जळक्या तेलात कालवलेल्या वाळूची आहे. पट, म्हणजे बॉल होलात ढकलायचा हलका फटका, मारण्याआधी लाकडी फळीनं ती सारखी करून घ्यावी लागते. पाचव्या होलला मधे बोडी येते, धानाला पाणी देण्यासाठी कुणी एके काळी खोदलेलं लहानसं तळं. माझे निम्मे बॉल तिच्या तळाशी आहेत. मी इथं डेप्युटी मॅनेजर आहे. सत्तेचाळीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी नवे जीएम साहेब आले, त्यांना गोल्फचा नाद, आणि एका दिवाळीत त्यांनी माझ्या हातात क्लब दिला. "ट्राय करो, वलथरे." मी फटका मारला, बॉल जागचा हलला नाही, सगळे हसले. त्या हसण्यानं मला जी खाज सुटली ती अजून गेलेली नाही. या चार वर्षांत मी काय केलं नाही? दोन्ही बगलेत टॉवेल दाबून स्विंग केले. डोकं हलू नये म्हणून भिंतीला कपाळ टेकवून कंबर वळवली. घरच्या फरशीवर एक रुपयाचं नाणं ठेवून त्यावर रोज पन्नास पट मारले. "लांब मारायच्या नादी लागू नका, शंभर पावलांच्या आतला खेळ सुधारा," असं एका व्हिडिओत सांगितलं, ते सहा महिने केलं. "मनात एक-दोन मोजा, तीनवर मारा," तेही केलं. हँडिकॅप, जो जितका कमी तितका खेळ चांगला, सव्वीस होता, तो चोविसावर येऊन बसला आणि तिथून उठायला तयार नाही. आणि आता कळलं की माझं तोंड उघडतं.

खरं म्हणजे त्या क्षणी मला दुसरंच काही कळलं होतं. व्हिडिओत मी नव्हतोच. बाबा होते. आमच्या गावच्या, सानगडीच्या तलावात मांडीभर पाण्यात उभे असलेले, डाव्या मनगटाला दोरी गुंडाळलेले बाबा. फेकायचं जाळं सांभाळायला माणसाला दोन हात पुरत नाहीत. निम्मं डाव्या कोपरावर टाकायचं, निम्मं उजव्या हातात, आणि मधला काठ, शिशाच्या गोळ्यांसकट, दातात धरायचा. मग कमरेतून वळायचं आणि फेकायचं, आणि हात सुटले त्याच क्षणी तोंड उघडायचं. आधी उघडलं तर जाळं पसरत नाही, गोळा होऊन पाण्यात पडतं. उशीर झाला तर दात जातो. बाबांचा वरचा एक दात तसाच गेला, माघातल्या थंडीत, जबडा वेळेवर उघडला नाही म्हणून. मी सात वर्षांचा असल्यापासून सोळाव्या वर्षी भंडाऱ्याला होस्टेलवर जाईपर्यंत त्यांनी मला ते शिकवलं. आधी कोरड्या जमिनीवर, मग पाण्यात. शिशाची ती गार, कडसर चव, चिखलाचा आणि झिंग्यांचा वास, आणि पाठीमागून बाबांचा आवाज, "सोड!" त्या 'सोड'वर माझं तोंड आपोआप उघडायचं. पुढं इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, लग्न झालं. तीस वर्षांत मी जाळ्याला हात लावलेला नाही. मला वाटत होतं ते सगळं मी सानगडीतच ठेवून आलो आहे. ते माझ्या जबड्यात बसून होतं.

कृष्णरावांनी उपाय सांगितला. ते नागपूरचे. तरुणपणी साहेब लोकांच्या बॅगा उचलता उचलता पाहून पाहून खेळ शिकले आणि आता दर रविवारी आम्हाला शिकवायला बसनं येतात. बोलतात गोड, पण सोडत नाहीत. "माचिसची काडी दातात धरा. फटका झाला तरी काडी पडली नाही पायजे. वीस दिवस करा, मंग पाहा." मी घरामागच्या जागेत रोज सकाळी शंभर स्विंग सुरू केले, दातात काडी. पहिल्या दिवशी शंभरातल्या ब्याण्णव काड्या पडल्या. ज्योत्सना, माझी बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काड्या वाया नका घालवू, गॅस कशानं पेटवू मी?" मी हसलो नाही. हसलो असतो तर त्र्याण्णव झाल्या असत्या. ऑफिसातही मी काडी धरू लागलो, मीटिंगमध्ये फाईलच्या आड तोंड करून. रात्री जबडा दुखायचा. झोपेत दात खातो म्हणून ज्योत्सनानं दातांच्या डॉक्टरचा विषय काढला. मला दंतवैद्य नको होता. मला चोवीसचा वीस हवा होता. आणखी एक हवं होतं, ते मी कुणाला सांगत नव्हतो: माझ्या अंगात जे दिसलं होतं ते दुसऱ्या कुणाला दिसायच्या आत मला काढून टाकायचं होतं.

नेमक्या त्याच दिवसांत बाबा आले. भंडाऱ्याला त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि धाकटा भाऊ मुन्ना त्यांना माझ्याकडं सोडून गेला. "पंधरा दिवस पान्यात उतरू देऊ नको, दादा. माह्यं आयकत नाही." शहात्तर वर्षांचा माणूस, काळा चष्मा लावून माझ्या हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी काठावर बसायचा, टेकायचा नाही. पहाटे चारला उठून बसायची सवय. म्हणून तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, चला माझ्याबरोबर मैदानावर. पाचव्या होलजवळ बोडीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाणी सोडायची एक मोरी आहे, तिच्यावर ते बसले. पाणी दिसल्यावर त्यांचा चेहराच बदलला. मी काडी दातात धरून चार-पाच फटके मारले. ते बघत होते, मान तिरपी करून, एका डोळ्यानं. मग ओरडले, "अबे, तू जाळाच फेकून राहिला!" आणि इतके हसले की चष्मा घसरला. "पाय बरोबर हायेत. कंबर बी बरोबर हाये. दात काहून आवळते? सोडायच्या टायमाले सोडाव." मला गंमत वाटली, इतकी की मीही हसलो आणि काडी पडली. चार वर्षांत माझे पाय बरोबर आहेत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आणि हसता हसताच मी वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. कुणी नव्हतं. चौथ्या होलकडं एक माणूस गवत कापत होता, लांब. तरी मी म्हणालो, "हळू बोला, बाबा."

त्या रविवारी जीएम साहेब स्वतः खेळायला आले. आम्ही चौघं पाचव्या होलपाशी टी-वर, पहिला फटका मारतात तिथं, उभे होतो आणि बाबा मोरीवर, दहा-बारा हातांवर. मी त्यांची ओळख करून दिली नव्हती. द्यायची होती, असं मी स्वतःला सांगत होतो, खेळ संपल्यावर देऊ, निवांत. जीएम साहेबांचा फटका छान गेला, ते खुशीत होते, आणि खुशीत असले की ते माणसाच्या घरादाराची चौकशी करतात. "वलथरे, आपके पिताजी क्या करते थे?" त्यांनी 'थे' म्हटलं. चूक माझी नव्हती, सुरुवात त्यांनी केली, असं नंतर मी किती वेळा मोजून पाहिलं आहे. मी म्हणालो, "टीचर थे, सर." ते म्हणाले, "अच्छा! अब नहीं हैं?" आणि मी म्हणालो, "नहीं, सर." एवढंच. सगळं मिळून चार सेकंद लागले असतील. मग मी बॉल टी-वर ठेवला आणि तो बोडीत घातला. बाबा पाण्याकडं बघत होते. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं, कानांचं नव्हतं. पण वारा होता. वारा त्यांच्याकडून आमच्याकडं होता की आमच्याकडून त्यांच्याकडं? मी आठवायला लागलो. होलवरचा झेंडा कुणीकडं फडफडत होता? जीएम साहेबांनी वारा पाहायला गवताची चिमूट हवेत सोडली होती, ती कुठं गेली? मला आठवेना. आणि बाबांना हिंदी येतं की नाही? येतं. लाखनीच्या बाजारात ते ट्रकवाल्यांना तीस वर्षं मासळी विकत आले आहेत.

घरी आल्यावर बाबा नेहमीसारखे जेवायला बसले. जेवताना दोनदा भाजी मागितली. ज्योत्सनाला म्हणाले, "पोरी, मेथी मस्त झाली." मला वाटलं, नाही ऐकलं. हायसं वाटलं आणि त्या हायशाची लगेच किळस आली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मैदानाकडं निघालो. कॉलनीचं फाटक ओलांडलं आणि बाबा थांबले. म्हणाले, "व्हा तुमी पुढं." मला वाटलं चपलेत खडा गेला असेल. चार पावलं गेलो, मागं पाहिलं, ते येत होते. मी थांबलो तर तेही थांबले. "चला ना, बाबा." "तुमी व्हा ना पुढं. मी येतो मांगून." तुमी. सत्तेचाळीस वर्षांत बाबांनी मला तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. इंजिनिअर झालो तेव्हा नाही, लग्नात नाही. मला चपराक बसली असती तर बरं झालं असतं. परत येताना फाटकाच्या आत शिरलो आणि ते पुन्हा माझ्या बरोबरीनं चालू लागले, "तुह्या घरी आज चाय भेटते का नाही?" म्हणून. दारात तू, फाटकाबाहेर तुमी. त्यांनी एक रेघ ओढून घेतली होती आणि ते ती कुठंही चुकत नव्हते. तक्रार नाही, टोमणा नाही. मला जे हवं होतं ते त्यांनी समजून घेतलं होतं आणि एखादं काम अंगावर घ्यावं तसं घेतलं होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज ठरवायचो, आज बोलू. सकाळी चहा घेताना, संध्याकाळी त्यांच्या डोळ्यात औषध टाकताना. थेंब टाकताना त्यांचं तोंड माझ्या हातात असायचं, सुरकुतलेलं, एक दात नसलेलं, विश्वासानं वर केलेलं, आणि मी म्हणायचो, "हलू नका."  काय म्हणणार होतो? बाबा, मी तुम्हाला मारून टाकलं, माफ करा? त्यांनी म्हटलं असतं, कायले बोलतं, चाल जेव. मग माझ्याकडं काय उरलं असतं? चिडचिड व्हायची, आणि ती त्यांच्यावरच निघायची. चष्मा का काढला, खाली का वाकलात, गार पाण्यानं तोंड का धुतलं. आणि या सगळ्यात, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, माझा खेळ सुधारत होता. काडी टिकू लागली होती. शंभरातल्या साठ, मग ऐंशी, मग एका सकाळी शंभरच्या शंभर. मनगट सुटत नव्हतं. बॉल सरळ जात होता, आधी कधी गेला नव्हता तसा, आणि लागताना जो आवाज यायचा तो स्वच्छ, कोरडा. मला तो आवडत होता. मोरीवर बसून बाबा बघायचे. पाय बरोबर आहेत की नाहीत तेही सांगायचे नाहीत. कामाच्या माणसानं साहेबाला कसं सांगायचं?

महिन्याची स्पर्धा त्यानंतरच्या रविवारी होती. थंडी होती, पण ऊन लवकर वर आलं. कृष्णराव मुद्दाम माझ्या गटाबरोबर चालत होते. पहिले चार होल मी असे खेळलो की माझाच विश्वास बसेना. पाचव्याला आलो तेव्हा जीएम साहेब म्हणाले, "आज बोडी को कुछ नहीं मिलेगा लगता है." मी काडी दातात नीट बसवली. बाबा मोरीवर होते. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. त्यांनी नजर खाली केली. मी वळलो, क्लब वर नेला, खाली आणला. तोंड मिटलेलं राहिलं. बॉल बोडीवरून उंच गेला, पलीकडच्या तेलकट वाळूवर पडला आणि झेंड्यापासून चार हातांवर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णराव तर नाचायचेच बाकी होते. "पाहिलं का, साहेब? तोंड बंद म्हंजे खेळ सुरू!" मी हसायचा प्रयत्न केला.  मला असं वाटलं की आता माझ्यात त्यांचं काहीही उरलं नाही. शेवटचं जे होतं, ते मी आत्ता काढून टाकलं, आणि सगळे त्याबद्दलच टाळ्या वाजवत आहेत.

कृष्णराव खुशीत मोरीपाशी गेले. "कसा होता शॉट, बाबा? इथं बसून पाहता तुम्ही, तुमाले तर खेळ समजला असन आता. कोनाकडचे तुम्ही?" बाबा उठून उभे राहिले. "साहेबाइच्या घरी हावो जी," ते माझ्याकडं हात करून म्हणाले. "बगीच्याले पानी देतो. डोया दाखवाले आलो होतो, साहेबानं ठेवून घेतलं." सफाईनं म्हणाले. आठवडाभर तयारी केली असावी इतक्या सफाईनं. माझ्या घराला बगीचा नाही. मी काडी थुंकली. आवाज मोठा निघाला, नको तितका मोठा. "हे माझे बाबा आहेत." जीएम साहेब पाण्याची बाटली तोंडाला लावत होते, ते थांबले. मी हिंदीत म्हणालो, मग मराठीत म्हणालो, दोन्ही एकमेकांत मिसळलं. "मैंने झूठ बोला था, सर. माझे वडील टीचर नव्हते. हे माझे वडील आहेत. श्रावण वलथरे. सानगडीच्या तलावावर मासे मारतात. आम्ही ढिवर आहोत, सर. हेच माझे बाबा."  मला सुटल्यासारखं वाटलं, खरंच वाटलं, हे मी लपवणार नाही. मला वाटलं आता बाबा हसतील. अबे म्हणतील.

बाबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. मग जीएम साहेबांपुढं हात जोडले. "साहेब लय मोठ्या मनाचे हायेत जी," ते म्हणाले. "आमच्यासारख्या म्हाताऱ्याले बी बाप म्हंतेत. याइचे बाबूजी मास्तर होते. सानगडीत सारे वळखत होते त्याइले. देवमाणूस होते, लय वर्सं झाले जाऊन." मी म्हणालो, "बाबा, काय बोलता?"  ते जीएम साहेबांकडंच बघत राहिले, नम्रपणे, किंचित वाकून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खोटं शोधून सापडलं नसतं. जीएम साहेबांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्यांना जे सोयीचं होतं ते त्यांनी निवडलं. माझ्या खांद्यावर थाप मारली. "बड़ा दिल है आपका, वलथरे. चलिए, पट बाकी है." सगळे बोडीला वळसा घालून पुढं निघाले. कृष्णराव तेवढे घुटमळले, काही विचारणार होते, मग तेही गेले. मी तिथंच उभा राहिलो. बाबा पुन्हा मोरीवर बसले होते. "बाबा," मी म्हणालो. त्यांनी मान वळवली नाही. "बाबा!" मी ओरडलो, पलीकडं गेलेल्यांना ऐकू जावं म्हणून ओरडलो. बाबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतो आहे आणि तो माणूस कुठं दिसतो का ते शोधत असल्यासारखं.